षट्कर्णी होण्याआधी

मंडळीतल्या दोन माणसांचं बिनसलं, तर ती गोष्ट सर्वांत शेवटी कळते ती बहुधा त्या दोघांतल्याच एकाला. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्या कानावर ती जाते तेव्हा महिला मंडळात तिची चर्चा होऊन गेलेली असते. क्वायरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी सूचक वचन टाकलेलं असतं, पाळकबाईंना सगळं ठाऊक असतं आणि कॉटेज प्रार्थनेत "एका कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करू या, नाव घेत नाही" असं म्हणूनही झालेलं असतं. नाव घेतलं नाही म्हणून काही अडत नाही, खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. मूळ कारण पाहिलं तर हार्वेस्टच्या लिलावाचे पैसे वेळेत का भरले नाहीत, नाताळच्या कार्यक्रमात कुणाच्या मुलीला गाणं का मिळालं नाही, उधार दिलेले वीस हजार मागितल्यावर समोरचा काय बोलला, असं काहीतरी निघतं. अशी भांडणं वर्षानुवर्षं टिकतात तेव्हा आपण म्हणतो, माणसांची मनं कठीण झाली, क्षमा उरली नाही. हे निदान मला अपुरं वाटतं. मंडळीतली वैयक्तिक भांडणं चिघळतात ती क्षमेच्या अभावापेक्षा क्रम उलटा झाल्यामुळे. जे सर्वांत आधी करायचं ते शेवटी केलं जातं किंवा राहूनच जातं, आणि जे शेवटी, नाइलाज म्हणून करायचं त्यानेच सुरुवात होते.

रायगड जिल्ह्यात पनवेलजवळच्या तळोज्यासारख्या ठिकाणी हा उलटा क्रम विशेष सोयीचा पडतो. अहिल्यानगर, संगमनेर, जालना इथल्या जुन्या मराठी मंडळ्यांत किंवा वसईच्या गावांत दोन घरांचं भांडण झालं, तर दोघांच्याही नात्यातला कुणी मामा, कुणी चुलत सासरे, दोघांच्याही लग्नाला उभा असलेला कुणी म्हातारा पंच मध्ये पडत असे. तो नेहमी न्याय करायचा असं नाही, पण त्याच्या ओसरीवर दोघांना समोरासमोर बसावं लागायचं. तळोज्याच्या फेज एक आणि फेज दोनमधली कुटुंबं एकेकटी आलेली आहेत. कुणी एमआयडीसीतल्या नोकरीमुळे आलं, कुणी मुंबईतलं भाडं परवडेना म्हणून, कुणाचं नाव सिडकोच्या सोडतीत लागलं. २०१८च्या एकाच योजनेत सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी मिळून १४,८३८ घरं काढली होती. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाल्यापासून ये-जाही वाढली. अशा वस्तीत मराठी, मल्याळी, तमिळ, तेलुगू, कोकणी बोलणारी माणसं उपासनेला शेजारी बसतात, अनेकदा भाड्याच्या हॉलमध्ये, आणि एकमेकांच्या घराण्याविषयी त्यांना काहीच ठाऊक नसतं. वडीलधारा मध्यस्थ आपोआप मिळत नाही. उलट, रुसून निघून जाणं फार सोपं असतं. पुढच्या सेक्टरमध्ये दुसरी उपासना आहे, तीही साडेनऊलाच. म्हणून जे काम जुन्या गावात नात्यागोत्याने होत होतं, ते इथे ठरवून, पायरीपायरीने करावं लागतं.

पायऱ्या नव्याने शोधायची गरज नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, पंधराव्या ते सतराव्या वचनांत, त्या दिलेल्याच आहेत आणि बहुतेक वाचकांना त्या पाठ असतील. बंधूने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलायचं. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्यायचं. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. हा उतारा आपण शिस्तीचा, जवळजवळ हकालपट्टीचा नियम म्हणून वाचतो, कारण आपली नजर शेवटच्या पायरीवर असते. पण तो मुख्यतः गोष्ट किती जणांपर्यंत जाऊ द्यायची याचा नियम आहे. ती आधी दोघांत राहते, मग तिघा-चौघांत, आणि मंडळी शेवटी येते. प्रत्येक पायरीवर ऐकणारे थोडेच वाढतात, आणि वाढवण्याचं कारण एकच, आधीची पायरी फसली. याच अध्यायात या वचनांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर किती वेळा क्षमा करावी हा पेत्राचा प्रश्न. म्हणजे गमावलेला भाऊ परत मिळवणं हाच मधल्या उताऱ्याचा हेतू. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञाही याच धाटणीची आहे. मनात द्वेष धरू नये आणि शेजाऱ्याला स्पष्ट बोलावं, या दोन गोष्टी तिथे एकाच वचनात आहेत. मनात ठेवणं आणि तिसऱ्याला सांगणं या दोन्ही वाटा त्या वचनाने बंद केल्या आहेत, आणि आपण नेमक्या त्याच दोन वाटांनी जातो.

पहिली पायरी चढण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारावा. ही गोष्ट बोलायची आहे, की सोडून द्यायची? अपराधाकडे काणाडोळा करण्यात मोठेपणा आहे असं नीतिसूत्रांत सांगितलं आहे, आणि रविवारी कुणी सलाम केला नाही म्हणून बैठक बोलावणाऱ्याला त्याची आठवण करून द्यावी. पण 'सोडून दिलं' असं म्हणून मनातल्या वहीत टिपून ठेवणं वेगळं. ओळखायची खूण साधी आहे. ती गोष्ट घरी जेवताना पुन्हा निघते का? प्रभुभोजनाला त्या माणसाच्या रांगेत उभं राहायचं टाळता का? तेच वागणं पुन्हा घडलं आहे का, त्याची झळ तुमच्याशिवाय आणखी कुणाला लागते आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर होकारार्थी असेल तर गोष्ट सुटलेली नाही आणि ती बोलायलाच हवी. डोंगरावरच्या प्रवचनात तर याच्याही पुढे जाऊन सांगितलं आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आला असाल आणि आठवलं की *दुसऱ्याच्या* मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. मत्तय पाचमध्ये ज्याने दुखावलं त्याने जायचं, मत्तय अठरामध्ये ज्याला दुखावलं त्याने. दोन्ही उतारे शेजारी ठेवले तर 'चूक त्याची, त्याने यावं' हे म्हणायला जागाच उरत नाही. दोघेही एकमेकांकडे निघाले तर ते रस्त्यातच भेटावेत.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. उपासना संपल्यावर हॉलच्या दारात, चपला शोधत असताना हा विषय काढू नये. तिथे पाच माणसं ऐकत असतात आणि समोरचा आपली अब्रू सांभाळायला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर लिहून तर मुळीच नाही, कारण लिहिलेला मजकूर पुढे जातो, त्याचा स्क्रीनशॉट निघतो, आणि रात्री साडेअकराला वाचलेलं वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात होतं त्यापेक्षा दुप्पट कडू लागतं. निरोप फक्त भेट ठरवण्यापुरता असावा: "काका, हार्वेस्टच्या हिशोबावरून माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली आहे. ती तुमच्याशीच बोलायची आहे, दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही. बुधवारी संध्याकाळी घरी येऊ का?" यातलं मधलं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि ते खरं असलं तरच लिहावं. भेटीत आधी घटना सांगावी, स्वभाव नाही. "तुम्ही नेहमीच असं करता" या वाक्याला उत्तर नसतं, फक्त प्रतिहल्ला असतो. "रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात की पावतीपुस्तक माझ्याकडून हरवलं, ते माझ्याकडे नव्हतंच" याला उत्तर देता येतं. मग त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगावं, तुमच्या बाजूने नेमकं काय झालं होतं असं विचारावं आणि खरोखर थांबावं. खटल्यात पहिला बोलणारा बरोबर वाटतो तो दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंतच, हे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातलं निरीक्षण स्वतःलाही लागू आहे. आपण मनात रचलेल्या कथेत दुसऱ्याचं बोलणं आलेलंच नसतं. अनेक तक्रारी या ठिकाणीच विरघळतात: पावतीपुस्तक तिसऱ्याच कुणाच्या कपाटात निघतं.

विरघळली नाही आणि चूक खरोखर घडली असेल, तर माफी नीट मागावी लागते. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. तिच्यात चूक समोरच्याच्या हळवेपणावर ढकललेली असते. काय केलं ते नाव घेऊन सांगणं, त्याला 'पण' न जोडणं आणि झालेलं नुकसान भरून देणं, एवढं तरी हवं. बोलणं चारचौघांत झालं असेल तर दुरुस्तीही त्याच चारचौघांत व्हायला हवी. ग्रुपवर आरोप आणि खासगीत माफी हा सौदा अन्यायाचा आहे. पैशांच्या बाबतीत हे आणखी काटेकोर व्हावं. मंडळीत भिशी चालते, उसनवारी चालते, आणि 'आपल्याच भावाकडे काय लिहून घ्यायचं' म्हणून कागद होत नाही. मग वर्षभराने दोघांनाही प्रामाणिकपणे वेगवेगळी रक्कम आठवते. माझ्या मते कागद करणं अविश्वासाचं लक्षण मुळीच नाही. पौलाने फिलेमोनला पत्र लिहिताना अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

इथवर वाचून एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. दोघांनी समोरासमोर बसणं हे बरोबरीच्या माणसांत ठीक. पण ज्याच्याविषयी तक्रार आहे तो पाळक असेल, मंडळीचा मोठा देणगीदार असेल, किंवा ज्याच्या शब्दावर आपली नोकरी आहे असा माणूस असेल तर? एकटं जा म्हणणं म्हणजे दुबळ्याला वाघाच्या गुहेत पाठवणं. या आक्षेपाचा विचार करताना मराठी ख्रिस्ती इतिहासातलं एक नीट नोंदलं गेलेलं प्रकरण उपयोगी पडतं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक पालक. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. पण लवकरच दोघींत वाद पेटले. काही वाद त्रैक्याच्या सिद्धांतावरून होते, काही आहारावरून, आणि मुख्य प्रश्न आज्ञापालनाचा होता. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार पुढे आला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचा विरोध पुढे केला गेला आणि रमाबाईंचं काय करायचं याची चर्चा त्यांनाच वगळून पत्रापत्रांतून सुरू झाली. रमाबाईंनी १८८५मध्ये जेराल्डिनना थेट लिहिलं. आपल्याला विवेकबुद्धी आहे, आपलं काय करायचं ते ठरवण्यात आपलाही आवाज आहे, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसऱ्याच्या जोखडात जाणार नाही, हा त्या पत्राचा आशय. ही पत्रं जेराल्डिननीच जपली. ती १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. म्हणून दोन्ही बाजू आज आपल्याला वाचता येतात, जे चर्चमधल्या भांडणांत क्वचित घडतं.

या पत्रांतून दोन गोष्टी घेता येतात. एक, सत्ता विषम असताना दुबळ्या बाजूने पत्र लिहिणं हे पळ काढणं नाही. समोर बसून जिथे आवाज फुटत नाही तिथे नीट विचार करून, थेट त्या व्यक्तीच्याच नावाने लिहिलेलं पत्र ही पहिलीच पायरी ठरते. वर व्हॉट्सअ‍ॅपविषयी म्हटलं ते घाईच्या मजकुराविषयी होतं. सही करून हाती दिलेल्या पत्राची जात वेगळी. दोन, या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान केलं ते रमाबाईंविषयीच्या पण त्यांच्यापर्यंत न आलेल्या चर्चेने. सल्ला विचारणारे सगळे सद्हेतूने विचारत होते, यात शंका घेण्याचं कारण नाही. आणि तरी रमाबाई आणि जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार तुटला नाही, तो पुढे कित्येक वर्षं चालला. मत जुळलं म्हणून नव्हे. ते अनेक मुद्द्यांवर कधीच जुळलं नाही. बोलणं एकमेकींशी चालू राहिलं एवढंच. म्हणून आक्षेपाला माझं उत्तर असं: विषम सत्तेत एकटं जाण्याची सक्ती कुणी करू नये, सोबत माणूस न्यावा किंवा पत्र द्यावं, पण गोष्ट *त्या* व्यक्तीपर्यंत आधी जावी हे तत्त्व तिथेही टिकतं.

ते तत्त्व जिथे अजिबात टिकत नाही अशी एक सरहद्द आहे, आणि ती ठळक आखली पाहिजे. मारहाण, लैंगिक छळ, मुलांवरचा अत्याचार, धमकी, फसवणूक ही 'दोन विश्वासणाऱ्यांमधली नाराजी' नाही. तिथे पीडित व्यक्तीला 'आधी तू एकटी जाऊन बोल' असं मत्तय अठराच्या नावाने सांगणं हा वचनाचा गैरवापर आहे, आणि काही ठिकाणी तो कायद्याचाही भंग ठरतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे मुलावर असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यात पाळक, संडेस्कूलची शिक्षिका, पंच सगळे आले. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर कायम असावेत. मंडळीचं नाव खराब होईल ही भीती इथे सर्वांत आधी पुढे येते. तिला जागा देऊ नये.

दुसरी पायरी मराठी मंडळ्यांत सर्वांत जास्त बिघडते, कारण 'एक-दोन जण' म्हणजे आपल्या बाजूचे एक-दोन जण असा अर्थ घेतला जातो. दोन्ही पक्ष आपापली फौज घेऊन येतात आणि बैठकीची पंचायत होते. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातला दोन-तीन साक्षीदारांचा नियम, ज्याच्यावर मत्तयाचा उतारा उभा आहे, आरोपीच्या संरक्षणासाठी आहे: एकाच्या शब्दावर कुणी दोषी ठरू नये. म्हणून सोबत येणाऱ्याचं पहिलं काम तक्रार करणाऱ्याचीही परीक्षा घेणं हे आहे. अशी माणसं दोघांनी मिळून निवडावीत. तळोज्यातल्या मिश्र मंडळीचा इथे फायदाच आहे. मराठी-मराठी वाद असेल तर एखादी समजूतदार मल्याळी मावशी किंवा तमिळ काका चालतील, कारण त्यांना दोन्ही घरांच्या जुन्या देण्याघेण्याशी कर्तव्य नसतं. नातेवाईक नको, ज्याच्याकडून कुणी पैसे घेतलेत तो नको, आणि शक्यतो पाळकही या पायरीवर नको. त्यांना पुढच्या पायरीसाठी मोकळं राहू द्यावं. चहा-बिस्किटांवर दीड-दोन तास बसून जे ठरेल ते चार ओळींत लिहावं: काय झालं, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि आता हा विषय बाहेर कोण काढणार नाही. शेवटची ओळ सोबत आलेल्यांनाही बांधते.

मध्यस्थाने काय बोलावं याचा नमुना फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचं बिनसलं होतं. पौलाने दोघींना वेगवेगळी, त्याच शब्दात विनंती केली, जणू तराजूची दोन्ही पारडी मुद्दाम सारखी ठेवली. कोण बरोबर ते सांगितलं नाही. आपल्या एका सोबत्याला त्यांना मदत कर असं सांगितलं, आणि दोघींनी सुवार्तेच्या कामात आपल्याबरोबर श्रम केलेत हे सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं लिहिलं. कुणी म्हणेल, पौलाने तर नावं घेऊन जाहीर केलं, मग आम्ही का लपवायचं? पण त्याने भांडण जाहीर केलं, भांडणाचं कारण नाही. जवळजवळ दोन हजार वर्षं टीकाकार डोकं खाजवत आहेत आणि त्या दोघी कशावरून भांडल्या ते आजही कुणाला माहीत नाही. आपल्या मंडळीतलं कारण मात्र कळंबोलीपर्यंत माहीत असतं.

'मंडळीला सांगणं' या तिसऱ्या पायरीविषयी पाळकांशी दोन शब्द. ही पायरी म्हणजे व्यासपीठावरून टोमणे नव्हेत. उपदेशात नाव न घेता एखाद्याला झोडपणं ही सर्वांत भित्री पद्धत आहे, कारण समोरच्याला उत्तर द्यायची सोय नसते. मंडळी म्हणजे तिचे जबाबदार वडील, पंच, पास्टोरेट कमिटी, जी काही व्यवस्था असेल ती. तिने दोघांना एकाच वेळी समोर बसवून ऐकावं. तिसऱ्या शतकात सिरियात लिहिलेल्या 'डिडास्कालिया' या मंडळीच्या नियमग्रंथात बिशपांना एक फार व्यवहारी सूचना आहे: भांडणांची सुनावणी सोमवारी घ्या, म्हणजे कुणी निकालाला हरकत घेतली तरी रविवार येईपर्यंत समेटाला सबंध आठवडा मिळतो. आपल्याकडे कमिटीची बैठक रविवारी उपासनेनंतर होते. पोटात भूक, बाहेर ताटकळणारी मुलं, आणि हॉल एक वाजता रिकामा करायचा असतो. नेमकी समेटाला सर्वांत वाईट वेळ. सोमवार जमत नसेल तर मंगळवार घ्या, पण प्रभुभोजन आणि बैठक यांच्यात दिवस असू द्या. आणखी एक, विषय जर मंडळीच्या पैशांचा असेल तर त्याला वैयक्तिक भांडणाचं रूप घेऊच देऊ नये. खजिनदारावर संशय आहे की नाही ही चर्चा हिशोब तपासणीने संपते, समेटाच्या बैठकीने नाही. मंडळी नोंदणीकृत न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज ही कामं वेळेत व्हायला हवीत. रायगडचं धर्मादाय कार्यालय अलिबागला आहे. ही कागदपत्रं अडकून पडली की दोन माणसांमधल्या रुसव्याला दोन गटांचं रूप यायला वेळ लागत नाही.

मग न्यायालयाचं काय? करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेऊन विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याविरुद्ध कधीच कोर्टात जाऊ नये असं काही जण ठामपणे सांगतात. पौलाचा रोष किरकोळ बाबी मंडळीबाहेर नेण्यावर आहे, आणि त्याचं खरं दुःख असं की मंडळीत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुम्हाला सापडू नये. त्याच पौलाने स्वतःच्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि कैसराकडे दाद मागितली. तेव्हा कायदा वर्ज्य नाही. पण तो काय देऊ शकतो हे पाहून जावं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्यांतल्या ब्रदरेन मंडळीच्या गुजरातेतल्या काही सभासदांना ते मान्य नव्हतं. मालमत्ता कुणाची यावरचे दावे २००५ आणि पुन्हा २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, आणि केवळ ठरावाने न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही असं ठरलं. मालकीचा प्रश्न सुटायला चार दशकं गेली. नागपुरातल्या उपासनेला जी तरुण माणसं उभी होती ती तोवर म्हातारी झाली होती. वैयक्तिक देण्याघेण्याचा वाद असेल तर त्याआधी पनवेलच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा लोकअदालतीत जाता येतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळतं, आणि लोकअदालतीत ठरतं ते दोघांच्या संमतीनेच ठरतं.

एवढ्या पायऱ्या कशाला, सत्तर वेळा सात क्षमा करा आणि विसरून जा, असं म्हणणारे सज्जन प्रत्येक मंडळीत असतात. क्षमा एकट्याने करता येते आणि ती केलीच पाहिजे. समेटाला मात्र दोघं लागतात, आणि त्यासाठी खरं काय घडलं ते दोघांच्या तोंडून यावं लागतं. बोलण्याआधीच क्षमेचा आग्रह धरला की दुखावलेला माणूसच गुन्हेगार ठरतो: 'एवढं झालं, तरी हिच्या मनातून जात नाही.' पेत्राचा क्षमेविषयीचा प्रश्न त्या तीन पायऱ्यांच्या नंतर येतो, आधी नाही.

सगळं करूनही काही माणसांचं एकत्र काम करणं जमत नाही, हेही मान्य करावं. पौल आणि बर्णबा यांचा मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून कडाक्याचा वाद झाला आणि ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सिरियात. प्रेषितांची कृत्ये हा वाद झाकत नाहीत. पण वेगळे झाल्यावर पौलाने पुढे करिंथकरांना लिहिताना बर्णबाचं नाव स्वतःच्या बरोबरीने घेतलं, आणि आयुष्याच्या अखेरीस तीमथ्याला मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं कळवलं. मंडळी सोडायचीच वेळ आली तर तशी सोडावी. पाळकांना आणि ज्याच्याशी बिनसलं त्याला, दोघांनाही आधी कळवावं, दोन ओळींचं पत्र द्यावं. जाताना आणखी दोन घरं फोडून बरोबर नेऊ नयेत. नव्या मंडळीत पहिल्याच रविवारी साक्ष देताना जुन्या मंडळीची कहाणी सांगू नये, आणि नव्या पाळकांनीही ती विचारू नये, फक्त जुन्या पाळकांना एक फोन करावा. हॉलची किल्ली, पावतीपुस्तकं, संडेस्कूलची हजेरी, क्वायरचा कीबोर्ड, बँकेतल्या सहीचा अधिकार, जे काही आपल्याकडे असेल ते यादी करून, समोरच्याची सही घेऊन परत करावं, आणि ग्रुपमधून बाहेर पडताना काहीही लिहू नये.